आई बाबांच्या फोटोशी बोलते, तिला वेड लागलंय का? नॉर्मल-अ‍ॅबनॉर्मल आम्ही कसं ठरवतो

गोव्यातल्या साखळीहून एका मुलीने प्रश्न पाठवलाय, वय सव्वीस. चार महिन्यांपूर्वी तिचे बाबा गेले, अचानक, हार्ट अटॅकने. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी चहा करते तो दोन कपांत ओतते, एक कप बाबांच्या फोटोपुढे ठेवते आणि समोर बसून दिवसभरातलं सगळं फोटोला सांगते, पोदेर, म्हणजे पाववाला, आज उशिरा आला, पाडेली नारळ काढायला आलाच नाही, लाईटबिल भरलं. शिवाय कुंकू लावायचं तिने सोडलेलं नाही आणि दारातली आबोली फुलली की गजरा करून माळतेसुद्धा. मामा म्हणतात हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, वेळीच बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवा. शेजारची काकी म्हणते देवळात कौल लावून बघा. मुलीचा प्रश्न असा की तुम्ही सायकॉलॉजीवाले नॉर्मल काय आणि अ‍ॅबनॉर्मल काय हे ठरवता कशावरून, ती रेघ नक्की असते कुठे.

आणि शेवटी जाता जाता तिने लिहिलंय, "दादा मात्र खंबीर आहे. एकदाही रडला नाही, बँकेची कामं, वारसाचे कागद सगळं त्यानेच केलं. फक्त रात्री उशिरा येतो, रोज थोडी घेतो, जेवण कमी झालंय, आणि रविवारी वाळवंटी नदीवर मासे धरायला गरी टाकायला जायचा ते आता जात नाही. परवा बेल्टला नवीन भोक पाडून घेतलं." ह्या ओळींकडे मी परत येणार आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, तेवीस वर्षं हेच काम करतेय, आधी हॉस्पिटलात आणि आता फोंड्याला माझ्या छोट्या क्लिनिकमध्ये. तुला तू म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. आईबद्दल आधीच सांगून टाकते म्हणजे आज रात्री तरी झोपशील: तू जे लिहिलंयस त्यात मला आजार दिसत नाही, दुःख दिसतंय. आता असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण तू नुसतं उत्तर नाही तर रीत विचारली आहेस आणि ती रीत घराघरात माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

अ‍ॅबनॉर्मल ह्या शब्दाचा साधा अर्थ नॉर्मपासून, म्हणजे प्रमाणापासून लांब. मग पहिली कल्पना कुणाच्याही मनात हीच येते की जे बहुतेकांत दिसतं ते नॉर्मल आणि जे क्वचित दिसतं ते अ‍ॅबनॉर्मल. आकड्यांनी ठरवलं की झालं. बुद्ध्यांकाचं तसंच असतं बघ, सरासरी 100 धरतात, बहुतेक लोक 85 ते 115 मध्ये येतात, 70 च्या खाली साधारण शंभरात दोन-सव्वादोन जण आणि 130 च्या वर पण तेवढेच. म्हणजे दोन्ही टोकं सारखीच दुर्मिळ, पण 135 वाल्या पोराला कुणी उपचाराला आणत नाही, त्याचा पेपरात फोटो येतो. आणि उलट बाजूने दात किडणं इतकं कॉमन आहे, म्हणून किडलेला दात निरोगी होतो का? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या घडीला काही ना काही मानसिक आजार होता, म्हणजे दहातला एक, आता ह्याला दुर्मिळ कसं म्हणायचं. तेव्हा मोजदाद उपयोगाची असते, मी रोज टेस्टा करते, पण ती एकटी काही ठरवू शकत नाही.

दुसरी कसोटी समाजाची. चार लोक काय करतात, काय करत नाहीत. तुझे मामा हीच वापरतायत, आणि मला खात्री आहे की त्यांना चहाचा कप जितका खटकतोय त्याच्यापेक्षा आबोलीचा गजरा जास्त खटकतोय. नवरा गेल्यावर बाईने फुलं माळू नयेत, कुंकू लावू नये हा आपल्याकडचा नियम, तो तिने मोडला. नियम मोडणं ही गोष्ट लगेच डोळ्यात भरते, म्हणून वेड हा शब्द पटकन तोंडात येतो. पण समाजाच्या नियमांवरून आजार ठरवायला गेल्यावर काय होतं ते इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. 1851 साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक आजार असतो असं मांडलं होतं आणि त्या आजाराला ड्रेपटोमेनिया असं नावही दिलं होतं. म्हणजे स्वातंत्र्य हवंसं वाटणं हाच आजार! समलैंगिकता 1973 पर्यंत अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या यादीत आजार म्हणून होती, जागतिक आरोग्य संघटनेने तर ती 1990 मध्ये काढली, आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने 377 कलमातून ती मोकळी केली ती 2018 मध्ये. तेवढ्या काळात किती पोरापोरींना आमच्याच पेशातल्या लोकांनी "बरं" करायला घेतलं असेल ह्याचा विचार आला की मला आजही पोटात कालवतं.

म्हणून आपल्या कायद्यातली एक गोष्ट मामांना जरूर सांग. मानसिक आरोग्य काळजी कायदा 2017, जो 29 मे 2018 पासून लागू झाला, त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे की एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीरीतींप्रमाणे वागत नाही एवढ्यावरून तिला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर. तुझ्या आईच्या गजऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे असंच समज.

पण म्हणून समाज, संस्कृती हे बाजूला टाकायचं असंही नाही, हे मी स्वतः चुकून शिकलेय. सुरुवातीची वर्षं होती, मी नवीन, पुस्तकं डोक्यात गच्च. डिचोली बाजूची एक मुलगी आणली होती, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते, तिच्या अंगात जत्रेला भार यायचा. मी अर्धा तास बोलले, आवाज बदलतो, मी देवी आहे म्हणते, नंतर आठवत नाही, एवढं ऐकून केसपेपरवर सायकोसिसची, म्हणजे वास्तवाशी नातं तुटण्याच्या आजाराची, शंका लिहून मोकळी झाले. माझ्या वरच्या मॅडमनी पेपर वाचला आणि मला एकच विचारलं, जत्रा सोडून वर्षाचे बाकीचे दिवस ती काय करते? मी विचारलंच नव्हतं. विचारलं तर कळलं की ती शिवणक्लास चालवते, हिशोब चोख, लग्न ठरलेलं, भार फक्त जत्रेत, ढोल वाजायला लागल्यावर, देवळाच्या आवारात येतो आणि अर्ध्या तासात उतरतो, गावात तिच्यासारख्या अजून तिघी आहेत. तिला त्याचा त्रास नव्हता. त्रास होता तो बाहेरगावच्या सासरच्यांना, ज्यांनी असलं कधी बघितलेलं नव्हतं. मी लिहिलेली ती ओळ मॅडमनी माझ्याच हाताने खोडायला लावली.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, अंगात येण्याच्या आजाराची नोंद आहे, पण तिथेच अट घातली आहे की ती अवस्था नको असताना येत असेल, त्या माणसाला त्रास किंवा नुकसान होत असेल आणि ती त्या समाजात मान्य असलेल्या धार्मिक किंवा सामूहिक प्रथेचा भाग नसेल तरच तिला आजार म्हणायचं. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत हजारो धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालतात. कुणी माणूस एकटा, मंगळवारी दुपारी, कसलंही व्रत नसताना घरामागे निखारे पेटवून त्यावरून चालायला लागला तर मी नक्की धावत जाईन. कृती एकच, पण तिच्या मागेपुढे काय आहे त्यावर अर्थ ठरतो. आणि गंमत म्हणजे मनाच्या ह्या असाधारण अवस्थांचं अगदी सुरुवातीच्या शहाण्या स्पष्टीकरणांपैकी एक आपल्याच गोव्याच्या माणसाने दिलंय, कांदोळीत 1756 साली जन्मलेले आबे फारिया, पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे ते. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलीतरी शक्ती निघते असं तेव्हा पॅरिसात पुष्कळ लोक मानत होते, फारियांनी सांगितलं की तसलं काही निघत नाही, जे होतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात होतं, सूचनेने, अपेक्षेने. पुतळ्याजवळ फोटो सगळे काढतात, त्यांनी काय सांगितलं ते फार थोड्यांना माहीत असतं.

तिसरी कसोटी त्रासाची. त्या माणसाला स्वतःला त्रास होतोय का. बहुतेक वेळा ही कसोटी चांगली चालते, कारण डिप्रेशन, चिंता, पॅनिक ह्यातला माणूस आतून जळत असतो. पण ही पण एकटी पुरत नाही. मेनिया, म्हणजे मन अति उत्साहाने उधळण्याचा आजार, त्यात माणूस इतका खूश असतो की त्याला वाटतं आयुष्यात एवढं छान कधी वाटलं नव्हतं, तीन-चार तास झोपतो आणि पाच लाखांचं कर्ज काढून दोन सेकंडहँड गाड्या घेऊन येतो. त्याला काही त्रास नाही, त्रास सगळा घरच्यांना. आणि दुसरीकडे त्रास असणं हा नेहमी आजार नसतो. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागातले ट्रकवाले माझ्याकडे यायला लागले, झोप नाही, छातीत धडधड, दारात ट्रक उभा आणि बँकेचा हप्ता चालू. त्यातल्या काहींना खरोखर आजार जडला होता आणि औषधं लागली. पण बऱ्याच जणांना मी सांगितलं, तुमची झोप उडाली ह्यात तुमचं डोकं बिघडलेलं नाही, ज्याची रोजीरोटी एका रात्रीत गेली त्याला झोप लागली असती तरच नवल. त्यांना गोळीच्या आधी बँकेच्या मॅनेजरशी बोलायला बरोबर येणारा माणूस हवा होता.

चौथी कसोटी मी सगळ्यात जास्त वापरते, काम चालतंय का ही. आम्ही त्याला फंक्शनिंग म्हणतो. झोप, जेवण, आंघोळ, घरकाम, नोकरी, माणसांशी असणं, पैसे सांभाळणं. दिसायला साधी आहे पण नीट विचारावी लागते, कारण "सगळं ठीक चाललंय" असं उत्तर तर सगळेच देतात. मी विचारते काल सकाळी किती वाजता उठलात, उठल्यावर पहिलं काय केलं, बाजारात गेलात का, कुठलं मासं घेतलं, घरी आणल्यावर काय केलं. एका बाईने ह्याच प्रश्नावर मला सगळं सांगितलं होतं. बांगडे घरी आणल्यावर ती ते धुवायची, मग पाण्याचं भांडं धुवायची, मग नळ धुवायची, मग हात, मग परत बांगडे, कारण हात नळाला लागले होते. सहा बांगड्यांची आमटी व्हायला दुपारचे तीन वाजायचे. तिने पदराखालून हात बाहेर काढले तेव्हा बोटांच्या पेरांवर कातडी फाटून लाल चिरा पडल्या होत्या आणि त्यात मिठाचं पाणी जाऊन जाऊन कडा पांढऱ्या झाल्या होत्या. ओसीडी, म्हणजे तेच तेच परत परत करायला लावणारा आजार, चांगला सात वर्षं जुना. आणि ह्या सात वर्षांत घरात कुणी तिला आजारी म्हटलं नाही, सासू तर चारचौघांत सांगायची की आमच्या सुनेसारखं सोवळं ह्या वाड्यावर कुणाचं नाही! समाजाच्या कसोटीवर ती नुसती पास नव्हती, पहिला नंबर होता. आणि बाई रोज रात्री मोरीत बसून रडायची.

ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

पाचवी कसोटी धोक्याची, स्वतःला किंवा दुसऱ्याला. लोकांच्या मनात मानसिक आजार म्हटला की हेच चित्र पहिलं येतं, हातात कोयता घेतलेला माणूस. खरं म्हणजे मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत, उलट त्यांनाच मारहाण, फसवणूक, कोंडून ठेवणं हे सोसावं लागतं. धोका असतो तो बहुतेक वेळा त्यांचा त्यांनाच, आणि तो ओळखायला सांगायची लाज वाटू नये असं वातावरण घरात लागतं.

आता ह्या पाचही कसोट्या एकत्र ठेवायच्या. अमेरिकेच्या डीएसएमची, म्हणजे तिथल्या मानसिक आजारांच्या यादीची, व्याख्यासुद्धा शेवटी ह्यांच्याच जोडणीवर उभी आहे: विचार, भावना किंवा वागणं ह्यात लक्षणीय बिघाड, आत काहीतरी प्रक्रिया बिनसलेली, त्यातून त्रास किंवा कामात अडथळा, आणि जवळचं माणूस जाण्यासारख्या प्रसंगाला त्या संस्कृतीत अपेक्षित असलेली प्रतिक्रिया ही आजार नव्हे असं त्या व्याख्येतच म्हटलंय. जेरोम वेकफिल्ड ह्या अमेरिकन अभ्यासकाने 1992 मध्ये ते थोडक्यात मांडलं, नुकसान करणारा बिघाड. नुकसान काय ते समाज आणि माणूस मिळून ठरवतात, बिघाड आहे का ते शास्त्राने ठरवायचं, आणि दोन्ही असेल तरच आजार. सगळ्यांना हे पटत नाही, कारण मनात "बिघाड" नक्की कुठे झाला हे दाखवायला आमच्याकडे एक्सरे नाही, पण मला रोजच्या कामात हा धागा धरायला बरा वाटतो. तू विचारलंस रेघ कुठे. रेघ एक नाहीच, भरती-ओहोटीच्या पट्ट्यासारखं आहे, किनारा कुठे संपतो ते तासातासाला बदलतं, पण घोट्याएवढ्या पाण्यात उभे आहोत की गळ्याएवढ्या हे मात्र नक्की सांगता येतं.

मग तुझ्या आईकडे येऊ. 1971 साली छापून आलेल्या एका अभ्यासासाठी वेल्समधल्या डेवी रीस नावाच्या फॅमिली डॉक्टरने आपल्या भागातल्या 293 विधवा-विधुर लोकांना भेटून विचारलं, गेलेला जोडीदार तुम्हाला कधी जाणवतो का. जवळजवळ निम्म्यांनी हो म्हटलं. कुणाला तो खोलीत असल्यासारखं वाटायचं, कुणी त्याच्याशी बोलायचे, काहींना आवाज आला होता, काहींना तो दिसला होता. आणि बहुतेकांनी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, लोक हसतील म्हणून, आणि खूप जणांना त्याचा आधार वाटत होता. तेव्हा तुझी आई करतेय ते जगात कोट्यवधी माणसं करतात. तीस वर्षं संध्याकाळचा चहा ज्याच्याबरोबर घेतला त्याला एकदम वजा करून एक कप ओतायला हाताला वेळ लागतो गं.

तरी खात्री म्हणून तीन गोष्टी बघ. पहिली, बाबा गेलेत हे तिला पक्कं माहीत आहे का. सहज विषय निघेल तेव्हा ऐक, ती "ते असते तर" असं बोलते की "ते आत्ता येतील" असं. चहाचा कप नंतर ती काय करते, ओतून टाकते की ते पितील म्हणून वाट बघत बसते. दुसरी, बाकीचा दिवस. तू स्वतःच लिहिलंयस की लाईटबिल तिने भरलं, पाडेल्याचं लक्षात आहे, दारातली फुलं तोडते. ज्या बाईचं लक्ष आबोली फुलण्याकडे आहे तिचं जगाशी नातं तुटलेलं नाही. तिसरी, झोप-जेवण आणि "मला पण त्यांच्याकडे जायचंय" असं काही बोलते का. तसं म्हणाली तर ते नुसतं बोलणं म्हणून सोडू नको, तिथे लगेच मदत घ्यायची. दुःख लांबण्याचा एक आजार आता दोन्ही याद्यांत आहे, आयसीडी-11 प्रमाणे किमान सहा महिने आणि डीएसएमच्या 2022 च्या आवृत्तीप्रमाणे मोठ्या माणसांत किमान एक वर्ष झाल्यावरच तो विचार करायचा, तोही ओढ आणि वेदना जराही कमी न होता माणसाचं जगणंच अडकून पडलं असेल तर. आईला चार महिने झालेत. आणि काकी म्हणतात तसा कौल लावायचा तर लाव, घरच्यांच्या मनाला बरं वाटत असेल तर माझा त्याला विरोध नाही. फक्त कौलाची वाट बघत खरोखर आजारी माणसाचे महिने वाया जाऊ नयेत एवढंच बघ.

बरं, आजार नसणं म्हणजे मानसिक आरोग्य का, तर नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ज्या माणसाला आपल्या क्षमता कळतात, जो आयुष्यातले नेहमीचे ताण पेलू शकतो, काम करू शकतो आणि आपल्या माणसांच्या उपयोगी पडतो ते मानसिक आरोग्य. मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा ह्यांनी 1958 मध्ये मानसिक आरोग्याच्या सहा गोष्टी मांडल्या होत्या, त्यातल्या दोन मला फार महत्त्वाच्या वाटतात, वास्तव जसं आहे तसं बघता येणं आणि चार लोकांच्या दबावाखाली न जाता स्वतःचं स्वतः ठरवता येणं. आता सांग, सगळा वाडा बघत असताना आबोली माळणारी बाई ह्या दुसऱ्या कसोटीवर कुठे बसते? मला तर ती मामांपेक्षा वर दिसते. आणि समाजशास्त्रज्ञ कोरी कीज ह्यांनी 2002 मध्ये मांडलं की आजार आणि आरोग्य हे एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत, दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. कुणाला आजाराचं निदान असूनही तो औषध घेऊन छान जगत असतो, आणि कुणाला कसलंच निदान नसतं पण आतून वाळत चाललेला असतो.

म्हणून दादा.

तुझ्या आख्ख्या पत्रात मला काळजी वाटली ती त्याची. त्याच्याबद्दल तू "खंबीर" लिहिलंयस आणि तुझा दोष नाही, आपल्याकडे पुरुषाच्या दुःखाला तेवढंच एक नाव आहे. पण मी पाच कसोट्या लावून बघते. नियम त्याने एकही मोडलेला नाही, म्हणून मामांचं लक्ष गेलं नाही. पण झोप उशिरा, जेवण कमी, बेल्टला नवीन भोक म्हणजे वजन चांगलं उतरलंय, रोज दारू, आणि ज्यात त्याचा जीव रमायचा ती गरी त्याने ठेवून दिली. बारावा-तेरावा, सुतक हे सगळं उलटून गेल्यावरही. डिप्रेशनचं निदान करताना नऊ लक्षणांपैकी किमान पाच, बहुतेक सगळे दिवस, किमान दोन आठवडे असावी लागतात आणि त्यात मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं ह्यातलं एक तरी हवंच. मी न बघता निदान करणार नाही, करूच नये, पण तू लिहिलेल्या तीन ओळींतच मला त्यातली दोन-तीन दिसतात. त्याचं रडू आलं नाही हेही मला चांगलं लक्षण वाटत नाही. बांगडे धुणाऱ्या बाईसारखंच आहे हे, लोक कौतुक करतायत म्हणून कुणी बघत नाहीये.

गोव्यात हे ओळखायला अजून एका कारणाने उशीर होतो. माणसं "मन उदास आहे" असं म्हणत येत नाहीत, शरीराचं सांगतात. बायका अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, थकवा येतो म्हणून येतात, आणि गोव्यातच झालेल्या अभ्यासांत दिसून आलंय की त्या तक्रारीमागे पुष्कळदा इन्फेक्शन नसून मनाचा ताण आणि उदासी असते. पुरुष अ‍ॅसिडिटी, झोप नाही, पाठ धरलीय असं म्हणतात किंवा काहीच न म्हणता बारमध्ये बसतात. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगाथ संस्थेने इथल्याच आरोग्य केंद्रांत गावातल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशन करून बघितलं, डिप्रेशनसाठी आणि दारूसाठीही, आणि त्याचा फायदा होतो हे 2017 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातली डिप्रेशनवरची रीत एकदम साधी होती, माणसाला त्याच्या आवडीच्या, अर्थाच्या कामांकडे पायरी पायरीने परत न्यायचं. म्हणजे दादाच्या बाबतीत गरी.

तेव्हा असं कर. त्याला "तुला डॉक्टरची गरज आहे" असं चारचौघांत बोलू नको. एखाद्या रविवारी सकाळी गरी तूच काढ, म्हण चल, मी पण येते. नदीवर बसल्यावर तोंडाकडे बघून बोलावं लागत नाही, पुरुष माणूस तिथे बोलतो. विचार, बाबा गेल्यापासून तुला झोप लागते का. मग सरळ विचार, जगू नये असं कधी मनात येतं का. हे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट विचारणारं कुणी भेटलं की माणसाला सुटल्यासारखं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नको आणि त्याच दिवशी बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे त्याच मनोरुग्णालयात, ने. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दारूबद्दल एक, आणि हे जपून ऐक: तो रोज किती घेतो ते तुम्हाला माहीत नाही, "थोडी" हा घरच्यांचा शब्द असतो. जास्त घेत असेल आणि हात थरथरत असतील, सकाळी घाम येत असेल तर त्याला एका दिवसात बंद करायला लावू नका, झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची असते. तातडी नसेल तर बांबोळीला जाण्यापूर्वी नेहमीच्या डॉक्टरकडून थायरॉईड, बी-12, शुगर आणि लिव्हरच्या टेस्ट करून घ्या, कारण वजन उतरणं आणि गळून जाणं शरीराच्या आजारानेही होतं आणि आधी ते बघावं लागतं. आईची पण थायरॉईड आणि बीपी एकदा बघून घे, ह्या वयात बघायलाच हवं. औषध द्यायचं का ते सायकिअ‍ॅट्रिस्ट ठरवतात, आम्ही सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, बोलून आणि रीतसर थेरपी देऊन काम करतो. खाजगीत कुणाकडे जायचं असेल तर सायकॉलॉजिस्टचं आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन आहे का ते विचारायला लाजू नको, बोर्ड लावून बसलेले पुष्कळ आहेत.

आणि मामा परत बांबोळीचं म्हणाले तर म्हण, हो मामा, जातोय आम्ही, दादाला घेऊन. ओपीडीला गर्दी असते, साखळीहून सकाळच्या पहिल्या बसने निघा, बरोबर खायला काहीतरी घ्या, आणि आईला पण घेऊन जा, पेशंट म्हणून नाही, त्याची आई म्हणून. तिला कळलंय काय झालंय ते, तुमच्या घरात सगळ्यात आधी तिलाच कळलं असेल.